वाटेत गेलेलं मूल

शेळी मेली त्या सकाळी चार्लीबाबाच्या रडण्यात आवाजसुद्धा उरला नव्हता. तोंड उघडायचा, कपाळाला आठ्या पडायच्या आणि नुसती हवा बाहेर यायची. मी त्याला मांडीवर घेऊन डेकवर बसले होते. समोर दोन खलाशी शेळीचे पाय धरून तिला कठड्यावरून समुद्रात सोडत होते.

"आया," मडम म्हणाली, "आता काय करायचं?"

मडम म्हणजे हॅलिडेसाहेबांची बायको. वय फार तर बावीस. साहेब पुण्याला पलटणीत कॅप्टन होते. त्यांचं काळीज सुजलं होतं, आणि थंड मुलखात गेल्याशिवाय वाचणार नाहीत असं डॉक्टरनं सांगितलं होतं. म्हणून मुंबईहून जहाज धरून ते हॉबर्टला निघाले होते. ऑस्ट्रेलियाच्या पार खाली एक बेट आहे, तिथलं हे गाव. चार्लीबाबा अडीच महिन्यांचा होता. जहाजावर चढल्या चढल्या मडमला ताप आला आणि तापात दूध आटलं. मग शेळीवर भागत होतं. आता शेळीही गेली. पेज पाजली तर पोराला जुलाब होत होते.

मी धुरपदा. आम्ही सासवडकडचे महार. माझा नवरा कंपनी सरकारच्या पलटणीत शिपाई होता, तो एडनला तापानं गेला. पोटी मूलबाळ नव्हतं. भावाच्या दारात बसून खाण्यापेक्षा बरं, म्हणून मी साहेबाच्या घरी आया म्हणून लागले. समुद्र ओलांडू नको असं सगळ्यांनी सांगितलं होतं. पण पगार मिळणार होता आणि परत आणून सोडण्याचा शब्द साहेबांनी दिला होता.

मी म्हटलं, "मडम, खाली एक बाई आहे. तिच्या अंगावर पिणारी पोर आहे."

मडमनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी शेळीचीच गोष्ट पुन्हा काढली. "ती कैदीण?"

"बाई आहे," मी म्हटलं.

जहाजावर शिक्षा झालेले चार गोरे शिपाई होते आणि ही एक बाई. मुंबईच्या कोर्टानं तिला सात वर्षांचं काळं पाणी दिलं होतं. सार्जंटचा डोळा फोडला, एवढंच आम्हाला ठाऊक. शिडांच्या कोठडीशेजारी फळ्या ठोकून तिला खोली केली होती आणि बाहेरून कडी. रात्री तिथून पोराला थोपटल्याचा आवाज यायचा, आणि त्यासोबत गाणं. ते गाणं मराठी होतं. मला वाटायचं, घरच्या आठवणीनं माझेच कान वाजतायत.

जहाजाच्या कप्तानानं परवानगी दिली तशी मी पहारेकऱ्याबरोबर खाली गेले. आत अंधार, ओल्या दोरखंडांचा वास. बाई भिंतीला टेकून बसली होती. गोऱ्या बाईचा झगा, पण केस काळेभोर आणि रंग पिकल्या गव्हासारखा. कडेवर सहा महिन्यांची पोर, आईपेक्षाही सावळी.

माझ्या मोडक्या इंग्रजीत मी काहीतरी बोलायला लागले, तर ती म्हणाली, "मराठीत बोल की. तुझं लुगडं बघूनच कळलं मला."

मी तिथंच खाली बसले.

तिचं नाव ब्रिजेट. खडकीच्या बाजारात तिला ब्रिजा म्हणायचे. बाप तोफखान्यातला आयरिश गोलंदाज, आई खडकीचीच. आई लवकर गेली, बाजारातल्या बायकांनी वाढवली. लग्न बापासारख्याच एका गोऱ्या शिपायाशी झालं. विलायत तिनं कधी डोळ्यांनी पाहिली नव्हती, पण बापाचं नाव गोरं, म्हणून शिक्षाही गोऱ्यांची. काळी असती तर सिंगापूरला पाठवली असती.

मी चार्लीबाबाचं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "पाजीन. पण माझी पोर आधी पिणार. आणि दिवसभर हे दार उघडं राहील, मी वर उन्हात बसणार."

मी तसंच जाऊन सांगितलं. मडम रडकुंडीला आली. "माझं बाळ मरतंय आणि ती अटी घालते?" कप्तान संतापून खाली उतरला, मी मागोमाग. साहेबलोकांच्या घरात राहून इंग्रजी माझ्या कानाला कळायचं, जिभेला तेवढं यायचं नाही.

"हा माझा हुकूम आहे," कप्तान म्हणाला.

ब्रिजा जागची उठलीसुद्धा नाही. "दूध हुकमानं उतरत नाही, कप्तान. उतरत असेल तर काढून दाखवा."

कप्तान पहारेकऱ्याकडे वळून म्हणाला, "कडी काढ."

डेकवर मागच्या बाजूला शिडाचं एक जुनं कापड बांधून आडोसा केला. तिथं ब्रिजानं आधी आपल्या पोरीला पाजलं, सावकाश, आणि मडम समोर उभी राहून ओठ चावत होती. मग ब्रिजानं चार्लीबाबाला घेतलं. त्याला ओढायचीही ताकद नव्हती. तिनं बोटानं दुधाचे थेंब त्याच्या जिभेवर सोडले, एक, मग आणखी एक, आणि बऱ्याच वेळानं त्यानं तोंड लावलं. मडम खाली बसली, माझ्या शेजारी, उघड्या फळ्यांवर.

पुढचे दोन महिने आमचे असेच गेले; साहेब आजारानं आपल्या खोलीतच पडून असायचे. मी, ब्रिजा, मडम आणि दोन पोरं. ब्रिजाच्या पोरीचं नाव सारा. मी तिला सरू म्हणायची, ब्रिजाही तसंच म्हणायला लागली. पहिले काही दिवस मडम खुर्ची टाकून पहारा करायची, चार्लीबाबाच्या वाटचं कमी तर होत नाही ना म्हणून. पुढं समुद्र खवळला आणि मला उलट्यांनी झोपवलं. त्या दिवशी ब्रिजाच्या मांडीवर चार्ली होता आणि सरू एकटी फळ्यांवर गडगडत होती. मी पडल्या पडल्या पाहिलं, मडमनं तिला उचललं, शालीत घेतलं आणि कशाला तरी घट्ट धरून बसली. लाट ओसरल्यावरही तिनं तिला खाली ठेवलं नाही.

एकदा मडमनंच विचारलं, "तू त्या सार्जंटला का मारलंस?"

ब्रिजानं सरळ सांगितलं. तिचा नवरा पटकीनं गेला तेव्हा सरू पोटात होती. पलटणीचा रिवाज असा की शिपायाची विधवा काही महिन्यांत दुसऱ्या शिपायाशी लग्न लावते, नाहीतर शिधा बंद आणि खोली खाली करायची. सार्जंट मागं लागला होता. तिनं बाळंतपण होऊ द्या म्हटलं, झालं, मग अजून थोडं थांबा म्हटलं. एका दुपारी ती साहेबांचे सदरे इस्त्री करत होती. त्यानं आत येऊन दाराला अडसर घातला. पोर पाळण्यात होती. हातात तापलेली इस्त्री होती.

"कोर्टात सांगितलं नाहीस?" मडम म्हणाली.

"सांगितलं. तो म्हणाला, सदरा जाळला म्हणून मी रागावलो तर ही अंगावर आली. त्याच्या छातीवर बिल्ले होते."

मडम म्हणाली, "हॉबर्टला मी तुला मागून घेईन. घरकामाला कैदी बायका देतात तिथं. पोरीला घेऊन माझ्याकडे राहशील." ब्रिजानं मान हलवली. त्या दिवसापासून ती पाजताना अधूनमधून गुणगुणायची.

जहाजावर बाणकोटचा हसन म्हणून एक तांडेल होता, खलाशांचा मुकादम. जुना माणूस, हॉबर्टच्या दोन खेपा केलेला. जमीन जवळ आली तेव्हा तो आमच्या आडोशाचं कापड शिवायला बसला होता, आणि ब्रिजा त्याला तिथलं काहीबाही विचारत होती. मी चार्लीचे कपडे वाळत घालून परत आले तर ती गप्प बसलेली.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"थंडी फार असते म्हणाला."

त्यानंतर तिचं गुणगुणणं थांबलं. चार दिवस ती सरूला खाली ठेवीना. पाचव्या दिवशी मात्र तिनं सरूला माझ्याकडे दिली आणि भाताची पेज भरवायला सांगितली. "सवय होऊ दे तिला," म्हणाली. मला वाटलं, दात यायला लागलेत म्हणून.

हॉबर्टच्या बंदरात जहाज उभं राहिलं तेव्हा हवेत बर्फाचा वास होता. गावामागं काळा डोंगर, त्याच्या डोक्यावर पांढरं. एक होडी जहाजाला लागली. त्यातून सरकारी कारकून आणि डॉक्टर वर आले. गोऱ्या कैद्यांना ओळीनं उभं केलं, मग ब्रिजाला पुढं बोलावलं. चार्लीबाबा तिच्या कडेवर होता, नुकताच पिऊन झोपलेला. सरू माझ्याकडे होती.

नाव, बापाचं नाव, गुन्हा, काम काय येतं, सगळं विचारून झालं. कारकून चार्लीकडे बघून म्हणाला, "हे तुझं मूल."

"तो माझा मुलगा आहे!" मडम ओरडली आणि धावत जाऊन तिनं चार्लीला घेतलं. मग तिला आपलं बोलणं आठवलं. म्हणाली, "ही बाई मला घरकामाला हवी आहे. माझ्या मुलाला हिनं वाचवलंय. तिला आणि तिच्या मुलीला मी सांभाळीन."

कारकून सभ्यपणे हसला. "तसं होत नाही, बाईसाहेब. नवी बाई आधी तुरुंगात जाते. अंगावर पिणारं मूल असेल तर दोघांना तिथल्या बालखोलीत ठेवतात. मुलाचं अंगावरचं पिणं सुटलं की ते अनाथालयात, आणि मग आईला काम मिळतं. कुणाकडे, ते आम्ही ठरवतो." त्यानं ब्रिजाकडे पाहिलं. "मुंबईहून बाई आणि एक मूल निघाल्याचं कळवलंय. मूल कुठाय?"

सरू माझ्या कडेवर माझ्या मंगळसूत्राच्या रिकाम्या जागी, गळ्याशी, बोटं घालत होती. मी एक पाऊल पुढं टाकलं. ब्रिजानं माझ्याकडे पाहिलं नाही.

"वाटेत गेलं," ती म्हणाली. "समुद्रात सोडलं."

मला वाटलं, मला इंग्रजी नीट कळलं नाही.

कारकून कप्तानाकडे वळला. कप्तानानं सरूकडे पाहिलं, मग ब्रिजाकडे, आणि बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात मडम म्हणाली, "फार वाईट झालं. प्रार्थना मीच म्हटली. चार दिवस झाले."

मडम पाद्र्याची मुलगी होती. मी तिला कधी साधं खोटं बोलतानाही पाहिलं नव्हतं. तिच्या मानेवर लाल चट्टे उठले होते, पण आवाज हलला नाही.

कप्तानानं तोंड मिटलं. नांगराच्या साखळीशी खलाशी काम करत होते, तिकडे जाऊन तो त्यांच्यावर उगाचच खेकसायला लागला.

"आणि हे?" कारकुनानं पेन्सिल माझ्याकडे रोखली.

"माझ्या आयाचं," मडम म्हणाली.

त्यानं सरूचं काळं जावळ पाहिलं, माझं तोंड पाहिलं. "नाव काय?"

"सरू," मी म्हटलं. त्या कारकुनापुढं माझ्या तोंडून निघालेला तो एकच शब्द.

नाव ऐकून सरूनं आईकडे हात केले आणि भोकाड पसरलं. मी तिला घेऊन पाठ फिरवली, पलीकडच्या कठड्याशी गेले, पाखरं दाखवायला लागले. मागं डॉक्टरचा आवाज आला. "अंगावर दूध आहे हिच्या. झगा भिजलाय."

"चारच दिवस झाले," ब्रिजा म्हणाली.

तिला शिडीवरून होडीत उतरवलं. मी वळून पाहिलं तेव्हा तिचं डोकं दोन शिपायांच्या मध्ये होतं, आणि तोंड गावाकडे.

त्या संध्याकाळी भाड्याच्या घरात साहेबांनी खाटेवरून विचारलं, "हे दुसरं मूल इथं कसं?"

"आयाचं आहे," मडम म्हणाली.

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि चहा मागितला. पुन्हा कुणी विचारलं नाही. मी मात्र रात्रभर सरूला खांद्यावर घेऊन फिरत होते. चार्लीनं गाईचं दूध घेतलं, पण ती थुंकून टाकायची. मला कळत नव्हतं, जिनं या पोरीसाठी कप्तानाला नमवलं, तिनं एका शब्दात तिला मारून कशी टाकली. पोर नसलेल्या बाईला लवकर काम मिळतं, हे मी ऐकलं होतं. तेच कारण असेल का, असंही मनात येऊन गेलं.

गावातल्या साहेबलोकांचे मोठे कपडे बायकांच्या तुरुंगात धुवायला जायचे. महिन्याभरानं मडम म्हणाली, "आया, या वेळी गाडीबरोबर तू जा." आणखी काही म्हणाली नाही.

तुरुंग डोंगराच्या कुशीत, ओढ्याच्या काठाला. दुपार असूनही तिथं ऊन पोचत नव्हतं. दगडी अंगणात बायका टबांपुढं वाकलेल्या. कपडे मोजून घ्यायला जी आली ती ब्रिजा होती. केस कापलेले, हात कोपरापर्यंत लाल. शेजारी जाडजूड देखरेखवाली उभी होती.

ब्रिजानं एक चादर उचलली आणि त्याच सुरात, मोजल्यासारखी, मराठीत म्हणाली, "खाते का ती?"

मीही चादर उलगडून दाखवली. "खाते. दूध प्यायला लागली."

"दात?"

"वरचे दोन."

तिनं उशीचे अभ्रे वेगळे केले. चेहरा धुण्याकडेच. "ती वरची खिडकी बघ. एकदम मान वर करू नकोस. ती बालखोली. दूध आहे म्हणून मला पाजायला बसवलं तिथं. एका खाटेवर तीन-तीन पोरं. ओल भिंतीतून झिरपते. मी चौघांना पाजत होते, त्यातली दोन गेली. सकाळीच एक पेटी बाहेर काढली. आठवड्यात एक तरी जाते."

मी खिडकीकडे पाहिलं. काच एवढी धुरकट, की आत काही दिसलं नाही.

"तांडेल म्हणाला होता," ती म्हणाली. "मागच्या खेपेला त्यानं मोजल्या होत्या त्या पेट्या. मला वाटलं, म्हातारा वाढवून सांगतोय. कमीच सांगितलं."

"मला का नाही बोललीस?"

"तू हो म्हटलं नसतंस तर?" तिनं माझ्याकडे पहिल्यांदा पाहिलं. "विचारायला जागाच ठेवायची नव्हती मला."

देखरेखवालीनं विचारलं, एवढा वेळ काय चाललंय. ब्रिजा इंग्रजीत म्हणाली, "एक चादर फाटलेली आहे, ती आधीचीच, हे कबूल करून घेते."

मग मी दर खेपेला गाडीबरोबर जायला लागले. सरू रांगली, उभी राहिली, तिला गोवर आला नि गेला, हे सगळं त्या अंगणात चादरींच्या घड्या घालताना सांगितलं. वर्ष सरून गेलं. साहेब बरे झाले आणि परतीचा हुकूम आला. शेवटच्या दिवशी मी सरूला बरोबर नेलं. ती चालत होती, माझ्या पदराचं टोक धरून.

ब्रिजानं तिच्याकडे पाहिलं आणि हातातला सदरा पुन्हा पुन्हा पिळत राहिली.

मी म्हटलं, "अजून सांगता येईल. मडम बोलेल. पोर आता मोठी झालीय, बालखोलीत जाणार नाही. अनाथालयात राहील, तुला रविवारी तरी दिसेल."

तेवढ्यात सरूनं माझा पदर ओढला. "आई, चल."

ब्रिजाच्या हातातून पाणी निथळत होतं. "स्पष्ट बोलते गं," ती म्हणाली. "मराठीत बोलते, बरं झालं." मग सदरा झटकून म्हणाली, "घेऊन जा. एकच कर. तिला पलटणीत देऊ नकोस."

मी मुंबईला आले ती कडेवर पोर घेऊनच. भाऊ न्यायला आला होता. त्यानं सरूला पाहिलं, तिच्या डोळ्यांतली घारी झाक पाहिली, आणि काही न विचारता परत गेला. नवरा जाऊन तीन वर्षं झालेली बाई समुद्रापार जाऊन पोर घेऊन येते, म्हटल्यावर लोकांना विचारायची गरज वाटली नाही. मला सांगता आलं असतं. पण एकाला सांगितलं की दहांना कळतं, आणि त्यातला एक जण साहेबाच्या ऑफिसात असतो. खरं बाहेर पडलं असतं तर ब्रिजाची शिक्षा वाढली असती. मी सासवडला पुन्हा गेले नाही. मडमनं पुण्याला जाण्याआधी भायखळ्याला एका घरात काम लावून दिलं, आणि सरू मोठी झाली की तिला मिशनच्या शाळेत घ्यायचं बोलून ठेवलं.

सरू तेरा वर्षांची असेल. हॉबर्टकडून घोडे विकायला आणणारी जहाजं मुंबईला यायची. एका दुपारी माझ्या खोलीच्या दाराशी एक बाई उभी राहिली. उन्हानं रापलेली, स्वच्छ झगा, डोक्यावर टोपी. मी ओळखलं ते हातांवरून.

"बस," मी म्हटलं.

ती बसली. शिक्षा संपून तिचं पुन्हा लग्न झालं होतं, एका घोडेवाल्याशी. दोन मुलगे होते. नवरा घोडे घेऊन आला होता, ती हट्टानं बरोबर आली होती आणि साहेबांच्या पलटणीचं नाव सांगत सांगत तिनं माझा पत्ता काढला होता. "त्याला काही माहीत नाही," ती म्हणाली. "न्यायला आलेली नाही मी. बघायला आलेय."

सरू शाळेतून आली. झगा-टोपीतली बाई माझ्याशी खडकीच्या बाजारातलं मराठी बोलतेय हे पाहून तिला हसू फुटलं. "तुम्ही कोण?"

ब्रिजा म्हणाली, "तुझ्या आईच्या मडमचे कपडे धुवायचे मी, तिकडं."

ते खोटं नव्हतं. मी गप्प बसले असते तर ती चहा पिऊन निघून गेली असती, आणि सरू माझी ती माझीच राहिली असती. मी ब्रिजाच्या तोंडाकडे पाहिलं. ती सरूच्या वेणीकडे बघत होती, हात लावायला मिळेल का अशी.

"सरू," मी म्हटलं, "ही तुझी आई."

सरू हसायची थांबली. मग मी तिला सगळं सांगितलं, शेळीपासून. सगळं ऐकून सरूनं ब्रिजाला एकच विचारलं, "मी मेले असं म्हणताना तुम्हाला काय वाटलं?"

ब्रिजानं विचार केला. "वाटायला वेळ नव्हता. पोर मेलेली बाई कशी दिसते ते आठवत होते. पलटणीत पुष्कळ पाहिल्या होत्या. तशी दिसतेय की नाही, एवढीच धास्ती होती."

घोडे विकले जाईपर्यंत ती रोज दुपारी येत राहिली. सरू तिच्याशी जेवढ्यास तेवढं बोलायची. निघायच्या दिवशी मात्र सरूनं अचानक विचारलं, "मी येऊ तुमच्याबरोबर?"

ब्रिजानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "तिची इच्छा असेल तर ने."

"नको," ब्रिजा म्हणाली. तिनं सरूचा चेहरा दोन्ही हातांत धरला, पहिल्यांदाच. "तिथं मी तुला मेलेली म्हटलंय. तिथं तुला जिवंत कशी करू?"

आम्ही बंदरापर्यंत गेलो. परतताना सरू रस्ताभर रडली, आणि रडतारडता चिडून म्हणाली, "बघायला आली, बघून गेली. मी काय घोडा आहे?" मी तिचा हात धरून चालत राहिले.

ब्रिजा पुन्हा आली नाही. कुणाकरवी निरोपही आला नाही. सरूला मागणी घालायला एक सैन्यातला नाईक आला होता, चांगला होता, मी नाही म्हटलं. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या एका शांत माणसाशी तिचं लग्न लावलं. ती मला आईच म्हणत राहिली, पण त्या दुपारचं नाव काढलं की उठून जायची.

पहिल्या बाळंतपणाला ती माझ्याकडे आली. मुलगी झाली. दोन-अडीच महिने झाले असतील. मी चुलीपुढं भाकरी थापत होते, ती शेजारी बसून पोरीला पाजत होती. पाजतापाजता तिचा हात थांबला.

"आई," ती म्हणाली, "मीसुद्धा हिला मेलीच म्हटलं असतं."

मी भाकरी उलटली. त्यानंतर तो विषय आमच्यात निघाला नाही.